शुक्रवारचा काटा

घाटंजीची मेहनाज रागीट आहे, हे तिच्या तोंडावर सांगायची कोणाची टाप नाही. पण आहे ती रागीट. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. एरवी तो येतो तसा निघूनही जातो, दुपारी भांडलेल्या माणसाला संध्याकाळी ती चहा पाजते. रजतवरचा राग मात्र गेला नाही. तो तिनं पाळला, पोसला, आणि वेळ आली तेव्हा भर मंडपात सोडला.

तिचे अब्बा म्हणजे मोहिउद्दीन मिस्त्री. वजनकाटे दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि रस्त्याला लागून त्यांचा स्वतःचा धर्मकाटा. कापसाची गाडी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, नेण्याआधी शेतकरी इथं थांबायचा, वजन पाहून घ्यायचा आणि मगच पुढं जायचा. बोंडअळीनं कापूस खाल्ला, उरलेल्याला बाहेरून आलेल्या कापसानं भाव राहू दिला नाही. भाव आपल्या हातात नाही, निदान वजन तरी खरं मिळावं, एवढंच मागणं लोकांकडं उरलं होतं. मिस्त्रीच्या काट्यावर ते मिळायचं.

मेहनाज यवतमाळला पॉलिटेक्निक करून परत आली आणि तिनं अब्बांच्या काट्यासाठी प्रोग्राम लिहिला. आधी काटा रिकामा, शून्यावर आहे हे शेतकऱ्याला दाखवायचं, मगच गाडी चढवायची, ही अब्बांची रीत. प्रोग्रामही तसाच चालायचा. बाहेर मोठी पाटी लावलेली, तिच्यावर ठळक मराठीत वजन. शुक्रवारी दुपारी अब्बा जुम्म्याच्या नमाजला जात, आणि तेवढ्यात कोणी तरी टवाळ पोट्टा काटा रिकामा आहे का हे न पाहताच गाडी चढवून जायचा. म्हणून मेहनाजनं प्रोग्राममधूनच काट्याला कुलूप घातलं. शुक्रवारी एक वाजला की काटा बंद, दोन वाजले की आपोआप सुरू. मधल्या वेळात कोणी गाडी चढवली तर पाटीवर यायचं: ‘काटा बंद आहे. मोहिउद्दीन मिस्त्री नमाजला गेले आहेत. थांबा.’ लोक ते वाचून हसायचे, बिडी काढायचे आणि थांबायचे.

हा प्रोग्राम तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी उघडा ठेवला. अट साधी. घ्या, वापरा, बदला, विकलात तरी हरकत नाही; पण जो बदल कराल तो असाच उघडा ठेवा, आणि ज्यांनी घडवलं त्यांची नावं पुसू नका. मारेगावच्या किसनसिंगनं त्यात लाइट गेल्यावर वजन टिकून राहील अशी सोय केली. केरळातल्या कोणा बाईनं पाटीवर येईल ते मोठ्यानं बोलायची सोय केली. प्रत्येकाचं नाव प्रोग्रामच्या माथ्यावर चढत गेलं, आणि सगळ्यांच्या वर पहिलं नाव अब्बांचं. त्या नावासाठीच तर पोरीनं हा सगळा खटाटोप केला होता. मिस्त्रीचे हात आता थरथरत होते, दुरुस्तीची कामं सुटत चालली होती, आणि नाव तरी राहावं असं तिला फार वाटायचं.

रजत तिचा पॉलिटेक्निकचा सोबती. ईदला शीरखुर्मा खायला तो हमखास यायचा, अब्बांना काका म्हणायचा, प्रोग्राम कसा चालतो ते तासन्‌तास विचारायचा. मग त्यानं यवतमाळजवळ लोहाऱ्याला कंपनी काढली. आता प्रोग्राम लिहून देणारी नवी यंत्रं निघाली आहेत, आपण नुसतं सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. रजतनं मेहनाजचा सगळा प्रोग्राम अशा एका यंत्राच्या पुढ्यात टाकला आणि सांगितलं, कॉम्प्युटरच्या दुसऱ्या भाषेत लिहून दे, जुनी नावं काढून टाक. यंत्रानं चहा होईपर्यंत काम उरकलं. वर रजतच्या कंपनीचं नाव चढलं, आणि येत्या हंगामासाठी जिल्ह्यातल्या जिनिंगवाल्यांकडं त्याची विक्री सुरू झाली.

मेहनाजनं फोनवर जाब विचारला तेव्हा हा बहाद्दर काय म्हणाला? “तुही एक ओळ तरी दाखव त्यात. सारं नवीन हाये. अन्‌ काकांचं नाव कायले पाह्यजे कंपनीच्या मालावर? कोण वयखते त्याईले?”

कोण ओळखतं! अरे, ज्या ताटात जेवलास! मेहनाजनं फोन आपटला. किसनसिंग म्हणाला, केस कर. ती म्हणाली, “केस चालते वर्षंच्या वर्षं, तवर अब्बा राह्यतील का? मले त्याईचं नाव कोर्टात नाही पाह्यजे, काट्यावर पाह्यजे.”

अब्बा म्हणाले, “जाऊ दे बेटा. अल्ला पाहून घेईन.”

“अल्लाले लय कामं हायेत,” मेहनाज म्हणाली.

रजतची कंपनी नमुना म्हणून प्रोग्राम इंटरनेटवर फुकट द्यायची. मेहनाजनं तो दुसऱ्याच नावानं उतरवून घेतला आणि दुकानात बसून एकेक कळ दाबून पाहिली. वरून सगळं वेगळं, रंग वेगळे, पाटी वेगळी. मग तिला एक शंका आली. तिनं लॅपटॉपच्या घड्याळात शुक्रवारची दुपार लावली आणि खोटी गाडी काट्यावर चढवली. पाटीवर अब्बांचं नाव उमटलं, नमाजसकट! यंत्रानं फाइलींच्या माथ्यावरची नावं पुसली होती, पण पाटीवर यायची मराठी वाक्यं जशीच्या तशी उचलली होती. रजतनं त्यातलं काही वाचलंच नव्हतं, आणि शुक्रवारचं कुलूप त्याच्या ध्यानातही नव्हतं. आणि लोहाऱ्याच्या कंपनीत शुक्रवारी एक वाजता सगळे डबे उघडून बसतात, तपासणार कोण? मेहनाज इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिनं हे कोणालाही सांगितलं नाही, अब्बांनाही नाही.

दिवाळी झाली. भगवानरावांच्या जिनिंगनं रजतचा प्रोग्राम घेतला. आता हंगामाचं काटापूजन व्हायचं होतं. नारळ फोडायचा, काट्याला हळदकुंकू वाहायचं आणि पहिली गाडी आणणाऱ्याला शाल घालायची. आमंत्रण द्यायला रजत स्वतः मिठाई घेऊन दुकानात आला. लाज म्हणून नाही माणसाला!

“पाहुणे गुरुवारी येतो म्हणतात नाही तं शुक्रवारी,” तो म्हणाला.

“शुक्रवार धर,” मेहनाज पटकन बोलली. “दुपारी एकनंतरचा मुहूर्त काढ. तवर गाड्याची रांग लागते, फोटो चांगले येतात.”

“अगं, पण शुक्रवारी दुपारी मी...” अब्बा बोलू लागले.

“काका नाही आले तरी चालते,” रजत म्हणाला.

मेहनाजनं मिठाईचा पुडा उघडून त्याच्यापुढं धरला. “घे, तोंड गोड कर.”

शुक्रवारी ती बरोबर वेळेवर जाऊन मंडपाच्या कडेला उभी राहिली. पूजा झाली, पाहुणे बोलले, रजत बोलला. “यातली एकेक ओळ आमच्या कंपनीनं लिहिली आहे,” असं त्यानं माइकवर सांगितलं. मेहनाजनं मनात म्हटलं, बोल, अजून बोल.

पहिली गाडी मैनाबाईंची. बाईंनी शाल खांद्यावर घेतली, गाडी काट्यावर चढली, सगळ्यांनी पाटीकडं माना वळवल्या. पाटी बोलू लागली, तेही मोठ्या आवाजात: काटा बंद आहे. मोहिउद्दीन मिस्त्री नमाजला गेले आहेत. थांबा.

मंडपात जो हशा उसळला! रजतनं प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला. पाटीनं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं लोहाऱ्याला फोन लावला, तिथं सगळे जेवत होते. यंत्राला विचारावं तर कुठं काय विचारायचं हेच त्याला उमगेना.

“हे काय होय, रजत?” भगवानराव तापले. “मिस्त्रीचं नाव काहून येऊन राह्यलं?”

मैनाबाई गाडीवरून ओरडल्या, “म्हंजे काटा मिस्त्रीचा हाये का? बाप्पा, मंग तसं सांगा ना! म्या उगाच भेवून राह्यली होती. थांबतो आमी, येऊ द्या त्याईले.” रांगेतले लोक खाली उतरले आणि सावली पाहून बसले.

रजत मेहनाजपाशी आला. आवाज एकदम मऊ. “मेहनाज, चालू करून दे ना. साऱ्यासमोर इज्जत चालली माही.”

“अब्बाची गेली तवा तुले गोड लागली.” तिनं आवाज मुळीच कमी केला नाही. “आधी सारं उघडं कर. नावं जशी होती तशी वर चढव. अब्बाचं पहिलं, किसनसिंगचं, केरळच्या बाईचं. मंग बोल.”

“कंपनी बुडन ना!”

“मंग बसा थांबून.”

रजतनं भगवानरावांकडं पाहिलं. भगवानराव म्हणाले, “माह्या तोंडाकडं काय पाहून राह्यला? कर पोरगी काय म्हणते ते.” रजतनं तिथंच, हळदकुंकवाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडला. ज्या यंत्राकडून नावं पुसून घेतली होती त्याच यंत्राकडून ती परत चढवली, आणि सगळा प्रोग्राम जगासाठी उघडा केला. मेहनाजनं आपल्या मोबाइलवर प्रत्येक नाव वाचून पाहिलं. अब्बांचं नाव तिनं दोनदा वाचलं.

“झालं?” रजतनं विचारलं. “आता कर चालू.”

मेहनाज जागची हलली नाही. मंडपातल्या घड्याळात दोन वाजले. पाटी लख्ख झाली, काटा रिकामा दाखवा असं म्हणाली, आणि गाड्यावाले कपडे झटकत उठले.

“तू तं हातही नाही लावला,” रजत म्हणाला. “काय केलं तू?”

“काईच नाही. दोन वाजता तो आपोआप चालू होते. आतमंदी लिवलं हाये.”

रजतनं लॅपटॉपकडं पाहिलं. “म्हंजे म्या उगाच उघडं केलं?”

“उगाच नाही,” मेहनाज म्हणाली आणि मोबाइल त्याच्या डोळ्यापुढं धरला. “हे पाह्य, किसनसिंगनं उतरवून बी घेतलं. अजून धा जण घेऊन राह्यले. आता पुसून दाखव अब्बाचं नाव.”