तहसीलदारांचा उपास

प्रमोदिनीबाईंनी माशांना सरकारी हुद्द्यांची नावं ठेवली होती. सगळ्यांत मोठा, पोट सुटलेला, काचेला नाक लावून येणाऱ्याजाणाऱ्याकडं रोखून बघणारा तो तहसीलदार. त्याच्या मागंमागं फिरणारा तो नायब. आणि तळाशी खडे उपसत बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, तो तलाठी. निजाम गेला, मुंबई राज्य आलं, तेही जाऊन महाराष्ट्र झाला, पण आमच्या ओसरीतली कचेरी कुणाला हलवता आली नाही, असं त्या म्हणत.

ओसरी त्यांची नव्हती, भावाची होती. तुळजापुरात देवळाच्या उतारावर नारायणराव उपाध्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान देवीला आले की याच ओसरीवर पथाऱ्या टाकायचे आणि नारायणरावांच्या हातून अभिषेक करून घ्यायचे. लग्नाचं वर्ष सरायच्या आत नवरा गेला आणि प्रमोदिनीबाई माहेरी परत आल्या. भावजय वारल्यावर किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या, पण त्या किल्ल्यांनी उघडायचं काय, तर डाळतांदळाची कोठी. यजमानांच्या पंगती वाढता वाढता त्यांची चाळिशी उलटली. जीभ मात्र तरुण राहिली.

हैदराबादच्या एका यजमानानं नवस फिटला म्हणून काचेची पेटी आणि हे सोनेरी मासे आणून ठेवले. उपाध्यांच्या घरात मासे आलेत म्हटल्यावर "तेल कधी तापवताय?" असं विचारून शेजारी हैराण करत. नारायणरावांना यजमानाला नाही म्हणता येईना आणि पेटीकडं बघवेना. म्हणून ते काम बहिणीकडं आलं. त्या घरात प्रमोदिनीबाईंच्या पावलांचा आवाज सगळ्यांच्या इतका सवयीचा झाला होता की कुणी मान वर करत नसे. मासे तेवढे आवाजासरशी वर यायचे.

भाद्रपद उतरणीला लागला. नवरात्राच्या आधी देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते; त्या निद्रेच्या दिवसांत यात्रेकरू येऊ लागले. उपाध्यांच्या घरातले मासे म्हणजे देवीचेच मासे, असं ठरवून येणारा प्रत्येक जण पेटीत नैवेद्यातला दहीभात टाकायचा. प्रमोदिनीबाई गाळणीनं शितं काढायच्या आणि पाठ वळली की नवी पडायची. पाण्याला आंबूस वास येऊ लागला.

एका सकाळी तहसीलदाराच्या ओठाला पांढरं काहीतरी दिसलं. दहीभातच चिकटलाय, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या सकाळीही ते तिथंच. त्यांनी पोळीचा चुरा टाकला. तो वर आला, कण तोंडात घेतला आणि थुंकून टाकला. तहसीलदारानं खाणं सोडलं, हे जिल्ह्यात कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

नारायणरावांना मात्र लगेच वाटलं. "देवी निद्रेत आहे, म्हणून मासा उपाशी आहे," त्यांनी एका यजमानाला सांगितलं. "घटस्थापनेला ती सिंहासनावर बसली की हा उपास सोडेल." दुपारपर्यंत पेटीपुढं ताम्हण आलं, काचेवर कुंकवाची बोटं उमटली, आणि बायका मुलांना उचलून उपाशी मासा दाखवू लागल्या.

"दादा, त्याचं तोंड आलंय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"तू आधी आपलं आवर. आणि पेटीला हात लावायचा नाही. व्रत मोडल्याचं पाप लागेल."

हात न लावता त्या बघत राहिल्या. पांढऱ्या काठाखालचा ओठ लालसर होऊन झिजत होता. तोंड धड मिटत नव्हतं. तो पृष्ठभागापाशी लटकल्यासारखा राहायचा. आणि मग नायबाच्या ओठालाही तसलीच बारीक रेघ दिसली.

"उपास कधी एकाचा दुसऱ्याला लागतो का हो दादा?" त्यांनी विचारलं. नारायणरावांनी जपमाळ जोरात ओढायला सुरुवात केली.

डोक्यावर पदर घेऊन त्या सरळ जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथले डॉक्टर शांतलिंग नळदुर्गाकडचे, बोलण्यात मधूनच कानडी यायचं. ते दर्शनाच्या निमित्तानं ओसरीवर आले आणि हात जोडून पेटीपुढं वाकले.

"अक्का, बैलाच्या तोंडात मी कोपरापर्यंत हात घालतो," ते हळूच म्हणाले. "ह्याच्यात करंगळीबी जायची न्हाय."

"बुरशी आहे का?"

"बुरशी असती तर पिंजलेला कापूस डकवल्यागत फुलून वर आली असती. ह्यो काठ चपटा हाय, ओठाला धरून हाय, आन् खालचं मांस खातोय. एकाचं दुसऱ्याला लागणारं दिसतंय."

"वाचेल ना?"

"आमच्या पुस्तकात बैल हाय, कोंबडीबी हाय. मासा न्हाय. पर जनावराचं तोंड आलं की काय करतो? गोठा साफ करायचा, आजारी जनावर येगळं बांधायचं, तोंड धुवायचं. तेच करून बघू." त्यांनी विहिरीत टाकायच्या लाल औषधाची पुडी दिली. "पाणी फिकं गुलाबी दिसलं पायजे. जांभळं झालं तर मासा गेला म्हणून समजा. तोंड पुसलं की चिमूटभर मिठाच्या पाण्यात येगळं ठेवा. आन् लिंगायतानं माशाला औषध दिलं, हे कुठं बोलू नका."

दुसऱ्या दिवशी ओसरी भरलेली असताना प्रमोदिनीबाई लोणच्याची रिकामी बरणी मिठाच्या पाण्यानं भरून आणि गुलाबी पाण्याची वाटी घेऊन आल्या. त्यांनी तहसीलदाराला ओल्या पंच्यात धरून बाहेर काढलं. एकच गलका झाला.

"प्रमोदिनी! व्रत मोडतेस?" नारायणराव उठून उभे राहिले.

"त्यालाच विचारा. व्रत आहे म्हणाला तर ठेवते परत."

देवीसाठी वळलेली वात त्यांनी गुलाबी पाण्यात बुडवली आणि त्याच्या ओठावरून अलगद फिरवली. पांढरा पापुद्रा वातीला आला. मग मिठाच्या पाण्याच्या बरणीत सोडलं, तर मासा पोट वर करून उलटा झाला. हात सवयीचा, मीठ लोणच्याच्या अंदाजानं पडलं होतं! त्यांनी त्याला घाईघाईनं साध्या पाण्यात घेतलं, नवी बरणी भरली आणि या वेळी मीठ चिमटीनं टाकलं. सगळे बरणीवर वाकले. मग त्याचे कल्ले हलले.

नायबाचीही तशीच व्यवस्था झाली. पेटी घासून तलाठ्याला स्वच्छ पाण्यात एकट्यालाच कारभार सोपवला. दहीभात घेऊन येणाऱ्याला प्रमोदिनीबाई सांगू लागल्या, "मला द्या. मी देवीचीच आहे, आणि मला पचतो." नारायणराव बहिणीशी बोलायचे बंद झाले. ते त्यांना जमण्यासारखं होतं. गेली कित्येक वर्षं ते फारसं बोलत नव्हतेच.

नायब आधी सुधारला. तहसीलदाराचा पांढरा काठ गेला, पण तो काही खाईना. पाठ हडकली. घटस्थापना उद्यावर आली, तशी प्रमोदिनीबाईंनी गोठ्यातल्या डोणीतून डासांच्या वळवळत्या अळ्या वाटीत आणल्या. उपाध्यांच्या ओसरीत, भरल्या यात्रेकरूंपुढं, त्यांनी एक अळी बरणीत सोडली.

त्यानं ती तोंडात घेतली. थुंकली. तो वळला, वाकड्या ओठानं तिला पुन्हा गाठलं, आणि या वेळी ती बाहेर आली नाही.

"खाल्लं!" कुणीतरी ओरडलं. मग सगळ्यांनी नारायणरावांकडं पाहिलं. देवी अजून पलंगावरच होती.

तामलवाडीहून आलेल्या गजराबाई खांबाला टेकून इतका वेळ पान चघळत होत्या. त्या म्हणाल्या, "आवो महाराज, आजाऱ्याला उपास माफ आसतोय. देवीला काय कळत न्हाय व्हय? जेवू द्या लेकराला."

"तेच म्हणतो मी," नारायणराव घाईनं म्हणाले आणि नीट बघायला वाकले. बरणीवर त्यांची सावली पडली.

"दादा, जरा सरका. उजेड अडतोय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी अळी सोडली.