ब्रह्मदेशाचं तेल, कुरुंद्याची हळद

समस्त हिंगोलीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवतो, की आपल्या जिल्ह्यात तेल सापडलं होतं. माझ्याच ऑफिसात. तीन आठवडे मी त्यात मनसोक्त पोहत होतो.

जुने शेअर सोडवून देणं हा माझा धंदा. बंद पडलेली कंपनी दुसरीत विलीन झाली असेल, तर आजोबांच्या कागदावर नातवाला नव्या कंपनीचे शेअर मिळू शकतात.

कुरुंद्याचे रामराव टॉवेलात गुंडाळून एक फ्रेम घेऊन आले. आत ब्रह्मदेशातल्या एका जुन्या तेल कंपनीचं सर्टिफिकेट, आजोबांच्या नावाचं. दर दिवाळीला पूजा व्हायची, त्यामुळे काचेच्या मधोमध हळदीचा जाड थर.

"सर, पुढच्या महिन्यात वाटणी हाय. धाकटा भाऊ म्हणून राहिला, हा कागद घे, न्हाई तर विहिरीचं रान घे. काय करू?"

"थांबा," मी चष्मा कपाळावर चढवत म्हणालो. "हे जागतिक प्रकरण आहे."

मग मी जुनी सरकारी गॅझेट उपसली, लंडनला ईमेल केले, बायकोला ब्रह्मदेशाचा भूगोल शिकवला. ती कंपनी दुसरीत, दुसरी तिसरीत विलीन झालेली निघाली आणि तिसरी अजून धडधाकट! फोन केला, "रामराव, विहीर सोडा!"

वाटणीपत्रावर सह्यांच्या दिवशी कोट घालून कुरुंद्याला गेलो. अर्जासाठी सर्टिफिकेटचा फोटो हवा होता. पण फोटोत नुसती हळदच यायला लागली! तीन आठवडे पूजेची वस्तू म्हणून मी काचेला बोट लावलं नव्हतं. रामरावांच्या आईने ओल्या फडक्याने काच पुसली.

खाली जांभळा शिक्का. 'रद्द. मोबदला रोख दिला.' म्हणजे विलीनीकरणाच्या वेळी आजोबांनी नवे शेअर न घेता पैसे घेतले होते. रद्द झालेला कागद आठवण म्हणून परत आला होता.

रामरावांनी उघडलेलं पेन बंद केलं. धाकटा म्हणाला, "भाऊ, घ्या की आता कागद!" मी कोट काढला. फार उकडत होतं.

शेवटी रान निम्मं-निम्मं झालं, विहीर सामाईक राहिली. आता मी लंडनला लिहिण्याआधी काच पुसतो. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारतो. कारण त्या दिवशी फडकं पिळता पिळता आई म्हणाल्या,

"आरं, त्याच पैशानं तर माझ्या सासऱ्यानं विहिरीचं रान घेतलं! न्हाई तर त्या कागदाला मी हळद काहून लावून राहिले?"