सतरा सप्टेंबरचं भाषण

माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं आणि सासर जाफराबाद तालुक्यातलं. मध्ये एक नाला आणि दोन-तीन गावांची शिवारं, एवढंच अंतर. तरी माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी "पोरगी मोगलाईत दिली" असंच म्हटलं. निजामाचं राज्य जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण ती शीव लोकांच्या तोंडातून गेली नव्हती. सासरचेही काही कमी नव्हते. माझी भाजी कुणाला रुचली नाही की सासरे हसून म्हणायचे, "इंग्रजीतल्या पोरीच्या हातची हाय, गुमान खा." इंग्रजी म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडचं वऱ्हाड त्यांच्या लेखी अजून इंग्रजांचंच होतं.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांचा जन्म निजामाच्या हैदराबाद राज्यातला. पुढे गाव मुंबई राज्यात गेलं, मग महाराष्ट्रात आलं. जिल्हा आधी औरंगाबाद होता, तो जालना झाला. मामा म्हणायचे, "मी हितंच बसून राह्यलो, अन् सरकारचीच बदली होऊन राह्यली."

सतरा सप्टेंबरला झेंडा लावतात हे मला लग्नानंतर कळलं. माहेरी त्या दिवशी सगळे निंदायला नाहीतर फवारायला शेतात. इथे मात्र पोरं धुतलेले कपडे घालून शाळेत निघालेली. पंधरा ऑगस्टला देश स्वतंत्र झाला तरी मराठवाडा आणखी वर्षभर निजामाकडेच होता, हे मी पुस्तकात वाचलं असेल, पण ते आपल्या शेजारच्या गावाचं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

पुढे सरपंचपद महिलेसाठी राखीव झालं आणि मी निवडून आले. त्या सप्टेंबरात झेंडा मला लावायचा होता आणि भाषणही करायचं होतं. ग्रामसेवकांनी लिहिलेला कागद आणून दिला. दरवर्षीचंच भाषण होतं ते. मी वाचलं, पण मन धजेना. मी पडले पलीकडची. इथल्यांनी काय सोसलं ते मी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मामांजवळ बसले.

ते पहिल्यांदाच सविस्तर बोलले. रझाकारांच्या भीतीनं त्यांच्या वडिलांनी बैलगाडी जुंपली आणि सगळ्यांना शिवेपलीकडे, म्हणजे आमच्याच बाजूला नेलं. तिथे कुणाच्या तरी गोठ्यात ते राहिले. "तुमच्याकडच्या लोकायनी दूध देल्तं आमाला," मामा म्हणाले. "पेरणीला परत आलो तवा पाऊस लागल्ता."

भाषणाला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी मी घरोघर बोलावणं द्यायला निघाले. आमच्या मागच्या गल्लीत एक वयस्कर बाई राहायच्या, सारं गाव त्यांना बडी अम्मी म्हणायचं. त्यांचे वडील कापूस पिंजायचे. मी म्हटलं, "बडी अम्मी, उद्या झेंड्याला यायचं."

"मैं नै आती, बेटी. तू जा, झेंडा चढा."

"का हो? तब्येत बरी नाही का?"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. मराठीतच म्हणाल्या, "त्या दिवसांत आमी ज्वारीत होतो."

मला काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. भारताची फौज आली, निजाम हरला, आणि गावात कुणाचा कुणावर भरोसा उरला नाही. त्यांचे वडील रझाकारात कधी गेले नव्हते. "लेकिन विचारायला कोन थांबतं?" आईनं लेकरांना उभ्या ज्वारीत नेऊन लपवलं. ज्वारीची पानं तोंडाला कापायची, पण रडायची सोय नव्हती. "तुझ्या सासऱ्याची माय भाकर घेऊन आल्ती. डोक्यावर गवताचा भारा, अन् भाऱ्यात भाकरी."

मी घरी आले आणि मामांना विचारलं.

"खरं हाय. मायसंगं मीबी गेल्तो."

"मग काल सांगितलं नाही ते?"

"तू झेंड्याचं इचारलंस. मी झेंड्याचं सांगितलं."

संध्याकाळी मी पुन्हा बडी अम्मींकडे गेले आणि भाषणात हे सांगू का, असं विचारलं. त्यांनी मान डोलावली. "ज्वारीचं बोल. माझं नाव नको घेऊ."

सकाळी झेंडा लावला. कागद हातातच राहिला. गोठ्याचं सांगितलं, ज्वारीचं सांगितलं आणि दोन्ही लेकरं आपल्याच गावची होती एवढं म्हणून खाली बसले. टाळ्या थोड्या वाजल्या. मागून एक जण मोठ्यानं म्हणाला, "आजच्या दिवशी हे कशाला?"

मामा पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी मागे वळून पाहिलं. "मंग कवा? त्याच दिवसांतलं हाय ते."

पोरांना खाऊ वाटला आणि सभा उठली. दोन-तीन माणसं माझ्याशी पुढे बरेच दिवस बोलली नाहीत. मला वाईट वाटलं, पण बोलले त्याचा पस्तावा झाला नाही.

बडी अम्मी त्या वर्षी झेंड्याला आल्या नाहीत, पुढेही कधी आल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी मात्र मामांनी काठी घेतली आणि मला म्हणाले, "चल, मागच्या गल्लीत जाऊन येऊ." बडी अम्मींनी ओट्यावर सतरंजी टाकली. मामा काठी बाजूला ठेवून टेकले. मग बडी अम्मी म्हणाल्या, "तुमच्या मायच्या भाकरीत मीठ नव्हतं."

"मीठ तरी कुटं मिळत व्हतं तवा!" मामा म्हणाले, आणि दोघंही हसले.

बडी अम्मींच्या सुनेनं चहा आणला. ती ज्वारी नेमकी कुणाच्या शेतात होती यावर दोघांचं जुंपलं. मामा म्हणत नाल्याकडची, बडी अम्मी म्हणत, नाही, पांदीच्या वाटेकडची. आता दोन्हीकडे सोयाबीन आहे. चहा निवला तरी वाद मिटला नाही.