थैलीतली भाकरी

पोस्टमनच्या थैलीत भाकरी सापडली म्हणून निघालेला मेमो मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिला. नाहीतर मेमो कशाकशाचे पाहिलेत म्हणता! टोपी नव्हती म्हणून. मोबाईल बंद पडला म्हणून. राजूरकडच्या एका गड्याला तर, ओढ्याला पाणी असताना पलीकडं बटवडा का केला नाही म्हणून. आता त्यानं काय थैली डोक्यावर घेऊन पोहायचं? पण भाकरी? मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'टपालाच्या थैलीत खाद्यपदार्थ आढळले, खुलासा करावा.'

ज्या पोरीला तो मेमो आला होता, ती फोनवर रडकुंडीला आली होती. "काका, शिळी हुती ती. कुत्र्यांसाठी हुती."

मी युनियनचा जिल्ह्याचा सेक्रेटरी. स्वतः नगरात थैली वाहून गुडघे घालवलेला माणूस. फोन आला की आधी वैतागायचं आणि मग ऐकायचं, हा माझा स्वभाव. तेव्हाही मी वैतागलोच. "कुत्री पाळायला नोकरी दिलीय का तुला?" असं बोलून गेलो. मग ऐकलं.

ही पोर श्रीगोंद्याकडची, बागायतदाराच्या घरातली. तिला नेमणूक मिळाली शेवगावच्या पुढं, कोरडवाहू मुलखात. दिवाळी झाली की तिच्या बीटमधली, म्हणजे ती टपाल वाटते त्या वस्त्यांवरची, निम्मी माणसं ऊसतोडीला जातात, ती नेमकी तिच्याच घरच्या फडांवर. "हे लोक आमच्याकडं, अन् मी ह्यांच्याकडं," असं ती हसून सांगायची. जाताना माणसं शेळ्या नेतात, कोंबड्या नेतात. कुत्री मात्र ट्रॅक्टरमागं डांबरीपर्यंत पळतात आणि परत येऊन कुलूप लावलेल्या दारापुढं बसतात. त्यांना कोण खायला घालणार? मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांचीच चूल कधी पेटते, कधी नाही. महिन्याभरात त्या कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला लागतात आणि मग ती टोळीनं फिरतात.

तिच्या आधीचा पोस्टमन रिटायर होताना तिच्याबरोबर दिवसभर फिरला होता. बीट दाखवणं म्हणतो आम्ही त्याला. कोणाचं घर कुठं, कोणाला ऐकू येत नाही, कोणाच्या गोठ्यामागून जवळची वाट आहे, सगळं. त्यात त्यानं दोन गोष्टी बजावल्या. ऊसतोड सुरू झाली की थैलीत भाकरी ठेवायची, वस्तीच्या अलीकडच्या बांधावर टाकायची, कुत्री तिकडं गुंतली की पुढं व्हायचं. आणि काय वाट्टेल ते झालं तरी थैली हातची सोडायची नाही. दोन्ही गोष्टी पोरीनं डोळे झाकून पाळल्या.

मेमो आल्यावर तिनं, पुन्हा असं होणार नाही, असं लिहून दिलं आणि भाकरी बंद केली. मलाही वाटलं, चला, एक कटकट मिटली. कसली मिटतेय!

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका बंद घराचं आधार कार्ड आलं. घर बंद आहे हे अख्ख्या गावाला माहीत. पण बटवड्याची नोंद करायला खात्यानं दिलेल्या आमच्या मोबाईलला ते माहीत नसतं. त्याला दारात उभं राहून काढलेला कुलपाचा फोटो लागतो, आणि तो बांधावरून काढला तर चालत नाही. पोर दारापर्यंत गेली. तिथल्या तांबड्या कुत्र्याला तिची सवय होती. तो शेपूट हलवतच आला आणि थैलीत तोंड घालायला लागला, कारण त्याचं जेवण तिथूनच निघायचं. हिनं थैली ओढली. त्यानंही ओढली. थैलीत कोणाचं तरी रजिस्टर पत्र होतं, हिनं काही सोडली नाही. मग बाकीची धावून आली, त्या ओढाताणीत तो बिथरला आणि त्यानं तिचा उजवा हात अंगठ्याच्या बुडाशी फोडला.

आणि एवढं झाल्यावर बाईसाहेबांनी काय करावं? हाताला ओढणी गुंडाळली, पोस्टात आल्या, थैली जमा केली आणि मग म्हणाल्या, मला कोणीतरी दवाखान्यात न्या! मी फोनवर ओरडलोच. "अगं, हात मोठा का थैली मोठी?"

"काका, रजिस्टर हुतं ना," ती म्हणाली.

शेवगावला इंजेक्शनं झाली. शीर तुटली होती, ती जोडायला नगरला आणली. अंगठा कितपत चालेल, डॉक्टर सांगेनात. इकडं तिच्या घरचे मागं लागले, सोड ती नोकरी, घरी ये. तिला सोडायची नव्हती. "माझ्या हिमतीवर मिळवलेली एवढी एकच गोष्ट हाय माझ्याकडं," ती म्हणाली. आता सगळं एका शेऱ्यावर अडलं होतं. ही जखम कामावर झाली असं वरून मान्य झालं, तर उपचार आणि रजा पदरात पडणार. तिच्या निष्काळजीपणानं झाली असं लिहिलं गेलं, तर घरच्यांचंच खरं होणार.

मी पोस्टाच्या वरच्या साहेबांकडं खेटे घातले. साहेब तसा वाईट माणूस नाही, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. पण खुर्चीत बसून बसून माणसाला वस्ती दिसेनाशी होते.

"कुत्र्यांना सवय तुमच्या बाईनंच लावली," साहेब म्हणाले.

"तिनं नाही हो. तिच्या आधीच्यानं, त्याच्या आधीच्यानं. भाकरी बंद केली म्हणून कुत्रं चावलं, घातली म्हणून नाही."

"मग थैली सोडून द्यायची होती."

"आणि रजिस्टर कुत्र्यानं फाडलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं, साहेब?"

ते चहावरची साय बोटानं काढून बशीच्या काठाला पुसत बसले. काय केलं असतं ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मेमो काढला असता.

साहेबांच्या ऑफिसात फेऱ्या मारून माझे गुडघे पार गेले, पण शेवटी जखम कामावरची धरली गेली. त्याबरोबर सगळ्या पोस्टांना एक परिपत्रकही निघालं. थैलीत कोणताही खाद्यपदार्थ बाळगू नये, आणि बटवडा करणाऱ्यांना संरक्षणासाठी शिटी देण्यात यावी. म्हणजे जिल्ह्यात जिथं जिथं कोणी गुपचूप भाकरी टाकून आपला जीव वाचवत होता, तिथं तिथं ती माझ्या भांडणापायी बंद झाली! युनियनच्या ग्रुपवर हारतुऱ्यांची चित्रं आली. विजय असो म्हणे. मी मोबाईल पालथा घालून आडवा झालो.

पोर कामावर परत आली, त्यानंतर पंधरा दिवसांनी तिला भेटायला शेवगावला गेलो आणि तिथून कोणाच्या तरी गाडीवर बसून तिच्या गावी. परिपत्रकावर तिची सही राहिली होती, ती घ्यायची होती. खरं तर मला तिचा हात बघायचा होता. तिनं डाव्या हातानं सही केली आणि म्हणाली, "चला, वस्तीवर जाऊन येऊ."

बांधाजवळ आलो. तिनं गळ्यातली सरकारी शिटी फुंकली, तर काय, चारी बाजूंनी कुत्री धावत आली! मी दोन पावलं मागं सरलो. तांबडा सगळ्यात पुढं. तिनं शांतपणे स्वतःचा जेवणाचा डबा उघडला आणि भाकरीचे तुकडे बांधावर टाकले.

"थैलीत न्हाई ना, काका. डब्यात हाय."

"अगं पण तू थापतेस कशी? या हातानं?"

तिनं अंगठा दाखवला. तो आत मिटत नव्हता. "जमत न्हाई पहिल्यासारखं. फाटतात. फाटलेल्या ह्यांना, बऱ्या मला."

"आणि सगळ्याच फाटल्या तर?"

"मग सगळ्या ह्यांना," असं म्हणून ती हसली.

रिकामा डबा तिनं पिशवीत ठेवला, थैली डाव्या खांद्यावर घेतली आणि कुत्री खाण्यात गुंतलीत असं बघून कुलपाचा फोटो काढायला निघाली. मी बांधावर बसून राहिलो. मला उठवेचना.