सोंगासाठी सरळ केलेली मान

एका नाताळात क्लेटस पार्डीच्या स्वयंपाकघरात एफी ब्लॅगडनची जी फजिती झाली, ती हेरिंग टिकल गावात उन्हाळ्यापर्यंत चवीचवीने सांगितली जात होती. आणि फजिती काय, तर तिला ओळखलं!

नाताळाच्या दिवसांत या किनाऱ्यावर सगळं गाव सोंगं काढतं. बाया नवऱ्यांचे मासेमारीचे कपडे चढवतात, पुरुष झगे घालतात, पोटाला-पाठीला उशा बांधतात, तोंडावरून खिडकीचा जाळीदार पडदा ओढून घेतात आणि घरोघरी दार ठोठावतात: “सोंगांना आत घेता का?” घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं तर पडदा वर. नाही ओळखलं तर सोंग नाचून, चिमटे काढून, निघून जातं आणि घरचे रात्रभर डोकं खाजवत बसतात.

एफीला लग्न होऊन या गावात आल्यापासून कोणी ओळखलं नव्हतं. एका वर्षी ती दाढीवाली नवरी झाली, एका वर्षी कुबड काढलेला खलाशी. श्वास आत ओढत असं काही घोगरं बोलायची की तिच्या सख्ख्या नणंदेने तिला ‘काका’ म्हणून खुर्ची दिली होती. वर्षभर खेकड्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून हात चालवणाऱ्या या बाईचा हा खरा प्रवेश. बाकीचं वर्ष म्हणजे नुसती तयारी.

आणि त्या कारखान्यानेच घात केला. एवढी वर्षं डावीकडे वाकून खेकड्यांचे पाय मोडता मोडता तिची मान डाव्या खांद्याकडे झुकली ती झुकलीच. मागून कोणी हाक मारली तर ती कपाट सरकवावं तशी सबंध वळायची. त्या नाताळात तिने उंबऱ्यात एक पाऊल टाकलं मात्र, क्लेटसने हातातला पाइपसुद्धा खाली न ठेवता म्हटलं, “ये एफी, बस. पुढच्या वर्षी मान घरी ठेवून ये.”

घर हसून हसून लोळलं. एफीनेही पडदा वर करून हसून घेतलं. घरी मात्र ती नवऱ्याशी, गार्लँडशी, झोपेपर्यंत बोलली नाही.

शरद ऋतू लागला तशी ती त्याला म्हणाली, “मी मसाजला जाणार आहे.”

“मसाज?” गार्लँडचा चहा नाकात गेला. “मेणबत्त्या, बासऱ्या, गुलाबाच्या पाकळ्या? या वयात लाड सुचतायत?”

“लाड नाहीत. तालीम आहे.”

मेणबत्त्या-बासऱ्या तिथे काही नव्हत्या. औषधाच्या दुकानामागे एक स्वच्छ खोली, उंच टेबल, भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि मॅलरी. खरी पंचाईत इथेच होती. मॅलरी म्हणजे क्लेटसची मुलगी! बाहेर शिकून, परीक्षा देऊन, नोंदणीकृत मसाज थेरपिस्ट होऊन गावी परतलेली. वैऱ्याच्याच गोटात जायचं होतं.

“आधी एक सांग,” एफी दारातूनच म्हणाली. “तुझ्या बापाला कळेल?”

“एफीमावशी, इथलं मी बाहेर नेलं तर माझी नोंदणी जाईल. बाबांनाच काय, तुम्ही सांगितल्याशिवाय गार्लँडकाकांनाही कळणार नाही.”

एफी आत आली. पण मॅलरीने लगेच हात लावला नाही. पडला होतात का कधी, रक्तदाब आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हाताला मुंग्या येतात का, असं सगळं विचारलं. मग मान वळवून दाखवायला सांगितली. डावीकडे बरी गेली. उजवीकडे जराशी गेली आणि अडली.

“तुम्हाला काय जमायला हवंय?”

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. कारखान्यातल्या डॉक्टरांनी ‘काय होतंय’ एवढंच विचारलं होतं. एफीने खोलीच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळूच म्हणाली, “नाताळात मला कोणी ओळखता कामा नये.”

मॅलरी हसली नाही. तिने ते जसंच्या तसं टिपून घेतलं. म्हणाली, “पूर्ण सरळ होईल असं वचन देत नाही. पण प्रयत्न करू. मी मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दाबणार आहे. चालेल ना? आणि मध्येच नको वाटलं तर ‘थांब’ म्हणा, मी थांबेन. आता मी बाहेर जाते. जेवढे कपडे काढायला बरं वाटेल तेवढे काढा, चादरीखाली पालथं झोपा. मी दार ठोठावून येईन.”

एफीला जेवढं बरं वाटलं तेवढं म्हणजे टोपी आणि बूट. मॅलरी आत आली तेव्हा मावशी कोटासकट, चादरीच्या वर, उताणी, हात छातीवर जुळवून पडली होती. आणि टेबलाच्या टोकाला चेहऱ्यासाठी जी भोकाची उशी असते, तिच्यात तिने पर्स नीट बसवून ठेवली होती.

“मावशी, प्रेतयात्रेला अजून अवकाश आहे,” मॅलरी म्हणाली, आणि मग दोघींना हसू आवरेना. लोकरीचे थर एकेक करून उतरले, मावशी पालथी झाली. चादर गळ्यापर्यंत आली. ज्या खांद्यावर काम, तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. एफीला एकदम हलकं वाटलं.

मग दाब सुरू झाला.

“कसं वाटतंय?”

“मजेत गं पोरी.”

“जास्त होतंय?”

“छे, मजेत.”

त्या किनाऱ्यावर या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. होडी बुडत असली तरी माणूस ‘मजेत’ म्हणतो. मॅलरीने हात थांबवला. “मावशी, तोंड मजेत म्हणतंय, आणि पायाची बोटं देवाचा धावा करतायत. मी त्याच गावची आहे. खरं बोला, नाहीतर माझ्या हातांना कळणार कसं?”

उशीच्या भोकातून आवाज आला, “मेले गं बाई.”

“छान! आता कामाला लागू.”

दाब कमी झाला, आणि काय आश्चर्य, वर्षानुवर्षं आवळलेली गाठ सैल पडायला लागली. दुसऱ्या दिवशी खांदा ठणकला. ठणकेल, असं मॅलरीने आधीच सांगितलं होतं. तिने घरी करायचे व्यायाम दिले, गरम शेक सांगितला, आणि कारखान्यात पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायची परवानगी मागायला लावलं. एफी पुन्हा गेली, पुन्हा गेली. दर खेपेला मान उजवीकडे थोडी जास्त सरकायची. एके दिवशी भांडी घासता घासता तिला मागच्या खिडकीतून बंदराचा धक्का दिसला, होड्या दिसल्या. पाय न हलवता! ती ओरडली तेव्हा गार्लँड जिन्यावरून धावत आला. त्याला वाटलं, आग लागली.

“बघ! बघ! अजून बघ!” ती मान वळवतच राहिली.

“आता क्लेटसला दाखव,” तो म्हणाला.

“वेडा आहेस का?”

इथे तिच्यातली खरी नटी जागी झाली. दुकानात, चर्चमध्ये, पोस्टात ती तशीच वाकड्या मानेने जात राहिली. कोणी हाक मारली की कपाट सरकवल्यासारखी वळायची आणि वर कण्हायची. मॅलरी वैतागली. “माझ्या मेहनतीवर पाणी ओतताय!”

“चार माणसांपुरतंच गं. दार लागलं की सरळ.”

नाताळ आला. बर्फ कुरकुरत होता. क्लेटसच्या दारावर थाप पडली. आत दोन सोंगं शिरली: एक जाडजूड झगेवाली बाई आणि एक ताठ मानेचा, लांब काळ्या कोटातला गृहस्थ. मॅलरी चुलीपाशी केक कापत होती.

झगेवाली खोकली. “गार्लँड!” सगळे एकदम ओरडले. बिचाऱ्याने पडदा वर केला.

क्लेटसचे डोळे चमकले. “मग ही दुसरी एफी!”

काळ्या कोटाच्या आत काळजाचे ठोके असे पडत होते की पडदा हलेल की काय असं तिला वाटलं. क्लेटसने भोवती फेरी घातली, खांदे चाचपले, उंची मापली. मुलीकडे वळला. “मॅलरी, अर्ध्या गावाच्या पाठी तुझ्या हाताखालून गेल्यात. सांग बघू कोण ते.”

“माझ्याकडे कोण येतं ते मी सांगत नाही, बाबा. आणि सोंगं तर मला कधीच ओळखू येत नाहीत,” ती केकवरून नजर न काढता म्हणाली.

क्लेटस गुपचूप मागे गेला आणि अचानक गरजला, “एफी! तुझ्या कोटाला आग लागलीय!”

आणि ती वळली! स्वतःच्या नावाला वळली, हा केवढा घात! पण पाय जिथल्या तिथे, नुसती मान गर्रकन उजव्या खांद्यावरून मागे.

क्लेटसने त्या मानेकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं.

“नाही,” क्लेटस खुर्चीत बसला. “ही एफी नव्हे. एफीची मान एवढी वळत असती तर ती चर्चमध्ये मागच्या बाकावरच्या टोप्या मोजत बसली असती.”

“एफी घरी पडलीय,” गार्लँड गंभीरपणे म्हणाला. “मान धरलीय तिची.”

“हे नवे पाद्रीबाबा असणार!” क्लेटसची बायको कुजबुजली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अ‍ॅकॉर्डियन सुरू झाला. पाद्रीबाबांनी अशी काही गिरकी घेतली, मान इकडे, मान तिकडे, की खुर्च्या भिंतीला लावाव्या लागल्या. नाच संपला, त्यांनी वाकून मुजरा केला आणि पडदा तसाच ठेवून दाराबाहेर पडले.

गार्लँड मागून निघाला तेव्हा क्लेटसने त्याला थांबवलं. कागदात केकचा मोठा तुकडा गुंडाळून दिला. “एफीला दे. बिचारीला म्हणावं, काळजी घे. यंदा सोंगांत तिच्याशिवाय मजा नाही.”

वाटेवर बर्फात उभं राहून एफीने पडदा वर केला आणि तो केक शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. गार्लँडला एक घास दिला नाही.