आमच्या कॉलेजचा निळा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी जर्सीचं कापड बघायला जळगावला निघाले होते. एसटी पारोळ्याला पोचते न पोचते तोच कॉलेजमधून फोन... "मॅडम, काल पाठवलेला निळा धरू नका."

धुळ्यातल्या एका कॉलेजात मी क्रीडा विभाग सांभाळते. दिवाळीनंतर संस्थेने लोगो बदलला, त्याबरोबर संघाचा रंगही. इतक्या वर्षांचा मरून रंग गेला, निळा आला.

पण कोणता निळा, ते लिहून सही द्यायला कोणीच तयार नाही! माझ्या मोबाइलवर तो जांभळट, प्राचार्यांच्या मोबाइलवर आकाशी. ऑफिस म्हणतं वेबसाइट बघा, वेबसाइटवाला म्हणतो ऑफिसला विचारा... फिरून फिरून जीव मेटाकुटीला आला.

स्पर्धेच्या पत्रात मात्र स्पष्ट होतं, नोंदलेल्या रंगाची जर्सी नसेल तर संघ खेळणार नाही. माझ्या बारा मुली पहाटे पाचपासून कबड्डीचा सराव करत होत्या. कॅप्टन मयुरीचं तर हे शेवटचं वर्ष. रंगापायी त्या बाहेर बसल्या असत्या तर त्यांना मी काय तोंड दाखवणार होते?

शेवटी वैतागून दुकानातला एक गडद निळा मीच ठरवला. जर्सी आल्या, पण स्पर्धेपर्यंत घास गोड लागला नाही.

शनिवारी जळगावच्या मैदानावर तपासणीच्या टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना नाना म्हणत होते. त्यांनी आमच्या कॉलेजची फाइल उघडली. नाना कागद जवळ-लांब धरून बघतच राहिले...

"ताई, याम्हा तं बठ्ठं काळंच शे."

कॉलेजने नव्या लोगोची झेरॉक्स पाठवली होती. सगळी काळी-पांढरी! हसावं की रडावं कळेना.

नानांनी मयुरीकडे बघितलं. "बेटा, कोणता रंग शे तुमना?"

मयुरी साक्रीकडची, घाबरणं माहीत नाही. "आंगवर शे तोच, नाना."

नाना हसले. कागदावर 'गडद निळा' लिहिलं, शिक्का मारला आणि खाली कॅप्टनची सही घेतली. मुली मैदानात उतरल्या आणि मी तिथेच मातीत बसले.

उपांत्य सामन्यात हरलो. पण खेळून हरलो.

सोमवारी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, रंगासाठी एक कमिटी नेमू या." मी नानांच्या कागदाचा फोटो तेवढा पुढे केला.

नाना, तुमचे मनापासून आभार. आणि एवढ्या मोठ्या संस्थेत सही करायला एकटीच पुढे आली, त्या माझ्या मयुरीचेही...