मुळांची उलटतपासणी घेणारे मामा

आमच्या माती-प्रयोगशाळेतल्या मामांइतका संशयी माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. हुद्दा परिचराचा, पण जंगलातल्या मातीतून धुऊन काढलेली मुळं जिवंत की मेलेली, हे निवडायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. गावी ताडकळसला जाताना ते एसटीची पाटी वाचत, तरी कंडक्टरला दोनदा विचारत, आणि उतरल्यावर गाव तेच ना, हे पानवाल्याकडून पक्कं करून घेत.

मुळांची तर ते उलटतपासणीच घेत. काळं पडलं म्हणजे मेलं, हे त्यांना मान्य नव्हतं. आधी वाकवून बघायचे, कारण जिवंत मूळ लवतं आणि मेलेलं बहुधा कटकन मोडतं. मग नखानं साल ओढायची, वास घ्यायचा. शेवटी बिनरंगी औषधात बुडवायचं, त्यात जिवंत मूळ लाल होतं. पण औषधावरही त्यांना शक. म्हणून एक ताजं मूळ मुद्दाम उकळून मारायचं आणि तेही शेजारी बुडवून ठेवायचं. "मेलेलं बी लाल झालं, तर औषध खोटं बोलायलंय म्हनायचं," असं त्यांनी मला, मी अधिकारी म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

एका उन्हाळ्यात जिंतूरकडे सागाचा एक तुकडा वणव्यात जळाला. मुळं मेली असतील तर जमीन नांगरून नवी लागवड होणार होती, आणि मत आम्ही द्यायचं होतं. आलेली मुळं काळी, कोरडी, हात लावताच मोडणारी. मी 'मृत' लिहून सही केली. मामांनी तो अहवाल टपालात टाकलाच नाही. मी रागावून जाब विचारला.

"म्याडम, वरची बोटभर माती भाजली. खालचं तुमी खांदलं का?"

मी खणलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, हातभर खोलवरची मुळं आणली आणि औषधात ठेवली. सकाळी उकळलेलं मूळ पांढरंच होतं, बाकीच्यांच्या कापावर लाल कड उमटली होती. मी अहवाल फाडला. मामांनी तरी सगळं पुन्हा एकदा करायला लावलं.

नांगरणी रद्द झाली. पावसाळा सरल्यावर पाहायला गेलो, तर जळक्या बुंध्यांच्या बुडाशी ताटाएवढ्या पानांचे फुटवे आलेले. मामांच्या निवृत्तीला महिना उरला होता. हे नव्या बियांचं नसेल कशावरून, असं पुटपुटत त्यांनी एका फुटव्याच्या बुडाची माती उकरली, थेट जुन्या मुळापर्यंत. मग ती परत लोटली, तळव्यानं दाबली, आणि हात तसाच ठेवून बसून राहिले. गाडीची वेळ झाल्याचं मी सांगितलं. त्यांनी या खेपेला माझ्या बोलण्यावर शंका घेतली नाही, पण उठलेही नाहीत.